संशोधन प्रयोगशाळेत, माणूस रस्त्यावर

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही शास्त्रज्ञांनी १९७४ साली एक मूलभूत प्रश्न पुढे ठेवला. या देशातील प्रयोगशाळांत जे संशोधन होते, त्याचा लाभ देशातील बहुसंख्य कष्टकऱ्यांपर्यंत का पोहोचत नाही, हा तो प्रश्न होता. या शास्त्रज्ञांचे अग्रणी अमूल्य रेड्डी हे मूळचे विद्युत्‌रसायनशास्त्रज्ञ. त्यांच्या पुढाकाराने संस्थेत ‘अस्त्र’ या नावाने ओळखला जाणारा विभाग सुरू झाला. ग्रामीण भागासाठी विज्ञान व तंत्रज्ञान उपयोगात आणणे हे त्याचे कार्य. तुमकूर जिल्ह्यातील उंग्रा या गावी त्याचे केंद्र निघाले. कमी सरपणात आणि कमी धुरात स्वयंपाक होईल अशी चूल, गोबरगॅस आणि भट्टीत न भाजता तयार होणारी मातीची वीट, अशा विषयांवर तेथे गांभीर्याने काम झाले.

त्याच बंगळूर शहरात जानेवारी २०१३ मध्ये वेगळेच दृश्य दिसले. कोरमंगलाजवळच्या ईजीपुरा येथे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी महापालिकेने बांधलेल्या वसाहतीच्या जागी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढणाऱ्या हजारो माणसांना पोलीस बंदोबस्तात हुसकून लावण्यात आले. त्यांच्या शेडवर बुलडोझर फिरला. लहान मुले, वृद्ध आणि बाळंतिणी जानेवारीच्या थंडीत पदपथावर आल्या. ज्या इमारतींत ही कुटुंबे पूर्वी राहत होती त्या बांधून वीस वर्षेही झाली नव्हती, तोच त्या ढासळू लागल्या होत्या. २००७ मध्ये त्यांतील एक इमारत कोसळली. सुमारे पंधरा एकरांच्या त्या सार्वजनिक जमिनीवर खासगी विकासकाच्या भागीदारीत एका भागात गरिबांची घरे आणि उरलेल्या भागात व्यापारी संकुल उभारण्याचा करार महापालिकेने केला, आणि त्यापायी मूळ रहिवासी बेघर झाले.

घर स्वस्त आणि टिकाऊ कसे बांधावे याचे ज्ञान ज्या शहरात चाळीस वर्षे साठत होते, त्याच शहरात गरिबांची सरकारी घरे वीस वर्षे टिकली नाहीत. या विसंगतीचा उलगडा केल्यावाचून वास्तुशास्त्र, नगररचना आणि अभियांत्रिकीतील संशोधनाविषयी बोलणे व्यर्थ आहे. दरवर्षी परिषदा भरतात, शोधनिबंध वाचले जातात, ‘आकर्षक नगरा’ची रंगीत चित्रे प्रदर्शित होतात. ते सारे कोणासाठी, हा प्रश्न मात्र व्यासपीठावर क्वचितच येतो. तो आम्ही येथे उपस्थित करीत आहोत.

विटेचा हिशेब

प्रथम संशोधनाचे श्रेय संशोधनाला दिले पाहिजे. मातीच्या दाबविटेची कृती सांगायला सोपी आहे. परंतु तिच्यामागे अनेक वर्षांच्या कसोट्या आहेत. माती चाळून घ्यावयाची. तिच्यात चिकणमातीचा अंश अधिक असल्यास वाळू मिसळावयाची. सहा ते आठ टक्के सिमेंट घालून किंचित ओलसर केलेले मिश्रण हातयंत्रात दाबावयाचे. आणि निघालेली वीट भट्टीत न घालता दोन-तीन आठवडे पाणी मारून मुरू द्यावयाची. लाकूड नको, कोळसा नको, दूरवरची वाहतूक नको. गावातील चार-सहा माणसे एक यंत्र चालवून आपल्या घराच्या विटा जागेवरच पाडू शकतात. आपल्याकडच्या काळ्या, पावसात फुगणाऱ्या मातीला नुसते सिमेंट पुरत नाही, तिला वाळूबरोबर चुन्याचीही जोड लागते, हेही या संशोधनाने दाखवून दिले. दख्खनच्या पठारावरील मराठी वाचकाला या तपशिलाचे महत्त्व सांगावयास नको.

याच संस्थेतील बी. व्ही. वेंकटराम रेड्डी आणि के. एस. जगदीश यांनी २००३ मध्ये बांधकामाच्या विविध साहित्यांत किती ऊर्जा खर्ची पडते याचा हिशेब प्रसिद्ध केला. भाजलेल्या विटेला लागणाऱ्या ऊर्जेच्या केवळ एक चतुर्थांश ऊर्जेत माती-सिमेंटची वीट तयार होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अशी पर्यायी साहित्ये वापरल्यास भारवाही भिंतींच्या इमारतीत सामावलेली ऊर्जा सुमारे निम्म्याने कमी होऊ शकते, असेही त्यांनी दाखविले. हवामानबदलाच्या नावाने आज जगभर जी चर्चा चालू आहे, तिचे एक ठोस उत्तर बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत फार पूर्वीच मिळालेले होते.

मग ही वीट सार्वजनिक बांधकामात सर्वत्र का दिसत नाही? तंत्राच्या मर्यादा आहेत, त्या आम्ही लपवीत नाही. मातीच्या विटेच्या भारवाही भिंतींवर दोन-तीन मजल्यांपलीकडे सहसा जाता येत नाही. प्रत्येक ठिकाणची माती तपासावी लागते. गवंड्याला नवे शिक्षण द्यावे लागते. परंतु ही सारी कारणे दुय्यम आहेत. मुख्य कारण अर्थव्यवहाराचे आहे. जागेवरच मातीतून पडणाऱ्या विटेत नफा कोणाचा? भट्टीमालकाचा नाही, सिमेंटच्या मोठ्या कारखानदाराचा फारसा नाही, वाहतूकदाराचा नाही. ज्या कामात अंदाजपत्रक जितके फुगेल तितका कंत्राटदाराचा वाटा फुगतो, त्या व्यवस्थेत खर्च कमी करणारे तंत्र हेच तंत्राचे वैगुण्य ठरते. शिवाय जमिनीचा भाव इतका चढविला गेला आहे की दोन मजल्यांचे सुखाचे घर ही शहरात चैन ठरली, आणि सामान्य माणसाला एक तर गगनचुंबी इमारतीतील कर्जाने घेतलेला कोंडवाडा, नाही तर झोपडी, एवढेच दोन पर्याय उरले.

या कोंडीतून वाट काढता येते, याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. केरळात १९७२ मध्ये सी. अच्युत मेनन यांच्या मंत्रिमंडळात गृहनिर्माण खाते सांभाळणारे एम. एन. गोविंदन नायर यांनी भूमिहीनांसाठी एक लक्ष घरांची योजना हाती घेतली. पुढे १९८५ मध्ये अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था उभी केली. स्थानिक साहित्य, कमी सिमेंट, कमी पोलाद आणि गवंड्याच्या कौशल्याला मान देणारी बांधकामाची रीत तिने केरळभर नेली. बेकर हे काही बंगळूरच्या शास्त्रज्ञांहून अधिक जाणकार होते असे नव्हे. फरक एवढाच की तेथे ज्ञानाच्या पाठीशी राजकीय इच्छाशक्ती उभी राहिली. ज्ञान आणि गरज यांची गाठ आपोआप पडत नसते, ती घालून द्यावी लागते.

बंगळूर असे नव्हते

बंगळूरला शहररचनेची परंपराच नाही असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. १८९८ च्या प्लेगने जुन्या पेठांतील दाट वस्तीत हाहाकार माजविला, तेव्हा म्हैसूर संस्थानाने मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या मोकळ्या, आखीव वस्त्या वसविल्या. रुंद रस्ते, घरांमागून सफाईसाठी स्वतंत्र गल्ल्या, मंदिराजवळ बाजार आणि बाग, अशी त्यांची रचना होती. जातवार गल्ल्यांची वाटणी हा त्या रचनेतील डाग होता हे विसरता येणार नाही. परंतु उजेड, वारा आणि सांडपाण्याचा निचरा या गोष्टी नगररचनेच्या मुळाशी असतात, ही जाण त्या आखणीत होती.

पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून अभियंता झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. खडकवासल्याच्या धरणावर १९०३ मध्ये त्यांनी कल्पिलेले स्वयंचलित दरवाजे बसले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण झाले. त्यांच्या संस्थानी उद्योगवादाशी आमचे मतभेद असू शकतात. पण अभियांत्रिकी ही पाणी, वीज, शिक्षण आणि आरोग्य यांच्या सार्वजनिक सेवेची विद्या आहे, ही त्यांची धारणा आजच्या कंत्राटी अभियांत्रिकीच्या तुलनेत कितीतरी पुढची होती.

स्वातंत्र्यानंतर हिंदुस्थान एअरोनॉटिक्स, इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, हिंदुस्थान मशीन टूल्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स अशा सार्वजनिक उद्योगांनी या शहराला नवे रूप दिले. कारखान्याबरोबर कामगारांची वसाहत आली. वसाहतीबरोबर शाळा, दवाखाना, खेळाचे मैदान आणि झाडी आली. याच कामगारांनी डिसेंबर १९८० पासून सत्त्याहत्तर दिवसांचा ऐतिहासिक संप लढविला, हे वाचकांना स्मरत असेल. या वसाहतींत कमतरता पुष्कळ होत्या. परंतु कामगाराला राहण्याची जागा, चालण्यासाठी रस्ता आणि मुलांना खेळण्यासाठी मैदान लागते, ही गोष्ट तेथे गृहीत धरलेली होती. नव्वदीनंतर हे गृहीतच मोडले. माहिती तंत्रज्ञानाच्या काचेच्या इमारती आल्या, बंदिस्त निवासी संकुले आली, आणि त्यांच्या सेवेसाठी राबणारे सुरक्षारक्षक, मोलकरणी, वाहनचालक, घरपोच सामान देणारी मुले कोठे राहतील याचा विचार कोणत्याही आराखड्याने केला नाही. १९५१ मध्ये आठ लाखांच्या आत असलेल्या या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चौऱ्याऐंशी लाखांवर गेली. ही वाढ नियोजनाच्या आवाक्याबाहेरची होती, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी की जमिनीचा व्यापार नियोजनाच्या आवाक्याबाहेर ठेवण्यात आला.

पाण्याने घेतलेला सूड

याचा सर्वात ठळक पुरावा म्हणजे बंगळूरचे तलाव. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर वसलेल्या या शहराजवळ मोठी नदी नाही. म्हणून पूर्वजांनी उतारावर एकाखाली एक तलावांची साखळी बांधली. वरचा भरला की त्याचे पाणी ओढ्याने खालच्यात जाई. या ओढ्यांना तेथे राजकालुवे म्हणतात. हेब्बाळ, कोरमंगला-चळ्ळघट्टा आणि वृषभावती अशा तीन खोऱ्यांत ही रचना पसरलेली होती. तिच्यात वास्तुशास्त्र होते, उपयोजित अभियांत्रिकी होती आणि सौंदर्यही होते. शिवाय पाणी राखणाऱ्या, पाट मोकळे करणाऱ्या श्रमिकांचे ज्ञानही होते.

पुढे काय झाले? धर्मांबुधी तलावाच्या जागी मध्यवर्ती बसस्थानक आले. संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण झाले. चळ्ळघट्टा तलावाच्या जागी गोल्फचे मैदान झाले. राजकालुव्यांवर भिंती चढल्या. विज्ञान संस्थेतील टी. व्ही. रामचंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहचित्रांच्या आधारे केलेला अभ्यास सांगतो की सुमारे चार दशकांत शहरातील बांधीव क्षेत्र ५८४ टक्क्यांनी वाढले, वनस्पतींचे आच्छादन ६६ टक्क्यांनी आणि जलसाठ्यांचे क्षेत्र ७४ टक्क्यांनी घटले. सांडपाण्याने तुडुंब भरलेल्या बेळ्ळंदूर तलावाला २०१७ आणि २०१८ मध्ये आगी लागल्या. पाण्याच्या तलावाला आग लागते, यापेक्षा बेशिस्त विकासाचे भेदक चित्र कोणते असू शकेल? सप्टेंबर २०२२ मध्ये पूर्व बंगळूरचे उच्चभ्रू बंगले आणि संगणक कंपन्यांची आवारे पाण्याखाली गेली, आणि तेथील अधिकाऱ्यांना ट्रॅक्टरवर बसून बाहेर पडावे लागले. २०२४ च्या उन्हाळ्यात उलट स्थिती आली. कूपनलिका आटल्या, आणि टँकरच्या पाण्यासाठी वणवण सुरू झाली.

महापुराच्या वेळी वृत्तपत्रांनी बंगल्यांची छायाचित्रे छापली. त्याच नाल्यांच्या काठी पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या रोजंदारांचे सामान दर पावसाळ्यात वाहून जाते, त्याचे छायाचित्र क्वचितच छापून येते. अतिक्रमण हटविण्याची मोहीम निघाली की बुलडोझर मात्र प्रथम त्यांच्याच दारी पोहोचतो. शास्त्रज्ञांचे नकाशे उपलब्ध आहेत, पाण्याच्या वाटा ठाऊक आहेत. जे नाही ते म्हणजे या नकाशाला सर्वांसाठी सारखाच अर्थ देण्याचे धैर्य.

सुंदर रस्ता कोणाचा?

आता आकर्षक नागरी जागांकडे वळू. गेल्या दशकात बंगळूरच्या मध्यवर्ती भागातील काही रस्ते नव्याने बांधले गेले. पाण्याचे नळ, मलवाहिन्या, वीज आणि दूरध्वनीच्या तारा यांना पदपथाखाली स्वतंत्र जागा दिली. त्यामुळे रस्ता वारंवार उखडण्याचे कारण उरले नाही. पदपथ रुंद आणि सपाट झाले. चर्च स्ट्रीट हा रस्ता २०१८ मध्ये दगडी फरशीने नव्या रूपात खुला झाला, आणि नोव्हेंबर २०२० पासून काही महिने शनिवार-रविवारी तेथे वाहनांना बंदी करून पाहण्यात आली. हवेवर आणि लोकांच्या वागण्यावर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केला.

हा सारा प्रयत्न श्रीमंतांचा खेळ म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही. चांगला पदपथ ही सर्वप्रथम पायी चालणाऱ्याची, म्हणजेच गरिबाची गरज आहे. मोटारीत बसलेल्याला पदपथ लागत नाही. पहाटे कामावर निघालेली पौरकार्मिक स्त्री, शाळेत जाणारे मूल, काठी टेकीत चालणारा निवृत्त कामगार यांना तो लागतो. सौंदर्य ही देखील केवळ वरच्या वर्गाची गरज नव्हे. कष्टकऱ्याला भाकरीपुरताच हक्क आहे आणि बाग, कारंजे, सावली, बसायला बाक हे त्याच्या वाट्याचे नव्हेत, ही समजूत मुळातच अपमानकारक आहे. व्हिएन्ना शहराच्या नगरपालिकेने १९२३ ते १९३४ या काळात घरांवर चढत्या दराने कर बसवून कामगारांसाठी साठ हजारांहून अधिक सदनिका बांधल्या. १९३० मध्ये खुल्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या संकुलात प्रशस्त अंगणे, बालवाड्या, धुलाईगृहे आणि वाचनालय होते. कामगारांची वस्ती शहरातील सर्वात देखणी वस्ती असू शकते, हे त्या इमारतीने जगाला दाखविले.

म्हणून आमचा आक्षेप देखण्या रस्त्याला नाही. तो देखणेपणाच्या व्याख्येला आहे. नव्या रस्त्याच्या चित्रात झाडे असतात, सायकली असतात, कॉफी पिणारी तरुण जोडपी असतात. पण भाजीची गाडी नसते, चप्पल शिवणारा नसतो, फुलांचे गजरे विकणारी बाई नसते. ज्या माणसाने तो रस्ता वीस वर्षे जिवंत ठेवला, त्याला चित्रातून पुसले जाते, आणि चित्र प्रत्यक्षात आले की पोलीस त्याला रस्त्यावरूनही पुसतात. फेरीवाल्यांच्या उपजीविकेला संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला. त्यानुसार शहरात फेरीवाल्यांची गणना करून त्यांच्या प्रतिनिधींसह समिती नेमल्यावाचून त्यांना हुसकता येत नाही. रस्त्याची रचना करणाऱ्या किती वास्तुशिल्पींनी आपल्या आराखड्यात या कायद्याला जागा दिली? पदपथाची रुंदी सेंटिमीटरात मोजणाऱ्या संशोधनाला टोपली ठेवण्याची जागा मोजता येत नसेल, तर ते संशोधन अपुरे आहे.

दुसरा प्रश्न प्राधान्याचा. मध्यवर्ती भागातील चार रस्त्यांवर जी कसोशी दाखविली जाते ती झोपडवस्तीच्या गल्लीत का दिसत नाही? आणि सर्वांना परवडणाऱ्या बसचे काय? बंगळूरची मेट्रो ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचे कमाल भाडे साठ रुपयांवरून नव्वद रुपयांवर नेण्यात आले. ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांना तिचे भाडे परवडणार नसेल, तर स्थानकाच्या कमानी कितीही आकर्षक असोत, ती वाहतूक सार्वजनिक म्हणता येणार नाही.

शहर बांधणाऱ्यांचे काय?

या साऱ्या चर्चेत एक माणूस नेहमीच गैरहजर असतो. तो म्हणजे शहर प्रत्यक्ष बांधणारा मजूर. बंगळूरच्या इमारतींवर रायचूर, यादगीर, कलबुर्गीच्या दुष्काळी तालुक्यांतून आणि बिहार, ओडिशा, बंगालहून आलेले मजूर राबतात. मे २०२० मध्ये टाळेबंदीने हैराण झालेल्या या मजुरांसाठी गावी जाणाऱ्या विशेष गाड्या सुटत होत्या. बांधकाम व्यावसायिकांच्या प्रतिनिधींबरोबर मुख्यमंत्र्यांची बैठक झाली, आणि लगोलग राज्य सरकारने त्या गाड्या रद्द केल्या. देशभर टीका झाल्यावर काही दिवसांत हा निर्णय फिरवावा लागला. पण तेवढ्या दिवसांत सत्य उघडे पडले. जो शहर बांधतो त्याला त्या शहरात घर तर नाहीच, प्रसंगी ते सोडून जाण्याचे स्वातंत्र्यही नाही.

बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ मध्ये संसदेने कायदा केला, आणि बांधकामाच्या खर्चावर उपकर बसविला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर जी आकडेवारी आली तिच्यानुसार देशभरात ३७,००० कोटी रुपयांहून अधिक उपकर गोळा झाला होता, आणि त्यांपैकी केवळ ९,५०० कोटींच्या आसपास रक्कम मजुरांच्या नावे खर्च झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये बंगळूरच्या नागवारा भागात मेट्रोच्या खांबाचा उभा केलेला लोखंडी सांगाडा कोसळला. रस्त्यावरून जाणारी एक आई आणि तिचे लहान मूल मरण पावले. चौकशीसाठी विज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. तज्ज्ञांचे ज्ञान अपघातानंतर आठवते, अपघातापूर्वी मात्र मुदत आणि खर्च या दोनच गोष्टी आठवतात. सुरक्षा ही देखील उपयोजित अभियांत्रिकीच आहे. मजुराचा जीव वाचविणाऱ्या पराती आणि जाळ्या यांच्यावरील संशोधनाला काचेच्या भिंतींवरील संशोधनाइतकी प्रतिष्ठा का मिळू नये?

गिरणगाव आणि सोलापूर

हे बंगळूरचे दुखणे आहे, आपल्याला त्याचे काय, असे मराठी वाचकाने म्हणू नये. मुंबईच्या गिरणगावाने हाच धडा आधी गिरविला आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या जमिनींकडे बिल्डरांचे डोळे लागले. १९९१ च्या विकास नियमावलीत या जमिनींचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरांसाठी, एक मालकासाठी. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करून आराखडा मांडला. कोरिया हे नामांकित वास्तुशिल्पी. बंगळूरचे विश्वेश्वरय्या केंद्रही त्यांचेच. त्यांच्या अभ्यासाचे पुढे काय झाले? २००१ मध्ये नियमात बदल करून वाटणी केवळ गिरणीतील आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती मर्यादित करण्यात आली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली. शहराच्या वाट्याला शेकडो एकर यावयाचे ते मूठभर आले. संशोधन होते, नियम होता, तज्ज्ञही होते. केवळ सत्तेचे माप जमीनमालकाच्या पारड्यात पडले.

याच महाराष्ट्रात वेगळे उदाहरणही आहे. सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांनी आपल्या संघटनेच्या बळावर सहकारी तत्त्वाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये ती पूर्ण झाली, आणि तिला गोदूताई परुळेकरांचे नाव देण्यात आले. दिवसाला शेकडो विड्या वळणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या नावावरच्या घरात राहू लागल्या. तेथे कोणताही विकासक त्यांच्यावर उपकार करावयास आला नव्हता. वर्षानुवर्षांचे मोर्चे, निवेदने आणि हप्त्याहप्त्याने साठविलेले पैसे यांतून ते नगर उभे राहिले. ईजीपुरा आणि कुंभारी यांतील अंतर विटेच्या गुणवत्तेचे नाही. रहिवासी संघटित होते की नव्हते, त्यांचा शब्द आराखड्यात धरला गेला की नाही, याचे ते अंतर आहे.

काय केले पाहिजे?

येथेच प्रश्नाचे मूळ सापडते. लोकशाहीवाचून नगररचना होऊ शकत नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या नियोजनात निर्वाचित संस्थांना आणि वॉर्ड समित्यांना स्थान दिले. बंगळूर महापालिकेच्या सदस्यांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तेथे प्रशासकाचे राज्य राहिले. २०२५ मध्ये त्या महापालिकेची पाच शकले करून त्यांच्यावर एक प्राधिकरण बसविण्यात आले. शहरातील रस्ते, पूल आणि बोगदे यांचे हजारो कोटींचे निर्णय ज्या काळात झाले, त्या काळात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. लोकांनी जागरूकपणे आवाज उठविला तर काय घडते याचेही उदाहरण बंगळूरच देते. शेकडो झाडे तोडून हेब्बाळपर्यंत पोलादी उड्डाणपूल बांधण्याच्या योजनेविरुद्ध ऑक्टोबर २०१६ मध्ये नागरिकांनी मानवी साखळी केली, आणि मार्च २०१७ मध्ये सरकारला ती योजना सोडावी लागली. हीच एकजूट ईजीपुऱ्याच्या रहिवाशांच्या पाठीशी उभी राहिली असती, तर तेथील इतिहास कदाचित निराळा झाला असता. झाडासाठी रस्त्यावर येणाऱ्या मध्यमवर्गाने माणसासाठीही यावे, एवढीच आमची त्याला विनंती आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सार्वजनिक पैशाने झालेले संशोधन सार्वजनिक बांधकामात उतरले पाहिजे. शाळा, दवाखाने, अंगणवाड्या आणि गरिबांची घरे यांच्या दरपत्रकात कसोटीस उतरलेल्या पर्यायी साहित्याला आणि पद्धतींना हक्काचे स्थान मिळाले पाहिजे. गरिबांच्या वसाहतीची सार्वजनिक जमीन कोणत्याही कारणाने व्यापारी संकुलासाठी देता कामा नये, आणि मूळ रहिवाशांना त्याच जागी घर दिल्यावाचून त्यांच्या घराला हात लावता कामा नये. प्रत्येक रस्त्याच्या आराखड्यात पादचारी आणि फेरीवाला यांची जागा प्रथम आखली जावी, वाहनतळाची नंतर. तलाव आणि ओढे यांच्या नकाशांना कायद्याचे बळ मिळावे, आणि ते बंगल्याला व झोपडीला सारखेच लागू व्हावे. बांधकाम मजुराला कामाच्या ठिकाणी सुरक्षितता आणि त्याने बांधलेल्या शहरात निवारा मिळावा.

संशोधकांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहे. तुमच्या विद्येचा मान आम्ही राखतो. तिचा अव्हेर करणे हे कष्टकऱ्यांच्या हिताचे नाही. परंतु अर्धशतकापूर्वी तुमच्याच संस्थेत विचारला गेलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. विटेची ताकद दाबयंत्रावर मोजता येते. संशोधनाची ताकद ते कोणाच्या डोक्यावर छप्पर घालते यावरून मोजली जाते. ही मोजणी परिषदेच्या सभागृहात होणार नाही. ती ईजीपुऱ्याच्या पदपथावर, नागवाऱ्याच्या खांबाखाली आणि बेळ्ळंदूरच्या काठावर होईल. तेथे या, तेथील माणसांना विचारा, आणि त्यांच्याबरोबर शहराचा आराखडा काढा. असा आराखडा सुंदर झाल्यावाचून राहणार नाही.